‘बघू’ म्हणाले

आमच्या घरात ‘बघू’ हा शब्द चालत नाही. एक वेळ शिवी चालेल, खोटंही चालेल, ‘बघू’ नाही. मुलगा लहान असताना सायकल मागायचा, तेव्हा बाकीच्या घरांतले बाप म्हणतात तसं ‘बघू पुढच्या महिन्यात’ असं हे कधी म्हणाले नाहीत. हो तर हो, नाही तर नाही. शेजारणी मला म्हणत, तुमच्या ह्यांचं बरं आहे बाई, एक घाव दोन तुकडे. मी म्हणायची, हो ना. त्यांना काय सांगणार कपाळ, की हा बाणेदारपणा नाही, ही भीती आहे.

पुण्याबाहेरच्या लोकांसाठी आधी एक खुलासा करायला हवा. माझं माहेर सदाशिव पेठेतलं, त्यामुळे या विषयात मला अधिकार आहे. आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे बघणार नाही. दारात अगरबत्ती विकायला आलेल्या बाईला ‘बघू’. वर्गणी मागणाऱ्या मंडळाच्या पोरांना ‘बघू’. सांगून आलेली मुलगी पसंत नसली की ‘पत्रिका बघू’. तोंडावर नाही म्हणायचं नाही, इतपत सभ्यता आम्ही पाळतो, आणि ऐकणाराही इथलाच असला तर ‘बरं’ म्हणून जिना उतरतो. तो परत विचारायला येत नाही, आणि आला तर त्याला लोक गावंढळ म्हणतात. माझे वडील म्हणत, ‘बघू’ म्हणजे चहा पाजून म्हटलेलं ‘नाही’. हे नारायण पेठेतले. त्यांच्या घरात तर चहाही मिळत नसे.

लग्नानंतर आम्ही दिल्लीला गेलो. ह्यांची नोकरी परदेशांशी संबंध असलेल्या सरकारी खात्यात. तिथून काही वर्षांनी ह्यांना ‘वर’ उचललं. वर म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या खुर्चीला लागून जे ऑफिस असतं ते. पाटीवर त्याचं नाव भारदस्त होतं, पण दिल्लीत सगळे त्याला नुसतं ‘ऊपर’ म्हणत. ऊपर से आया है. ऊपर पूछना पड़ेगा. आपल्याकडे माणूस वर गेला म्हणजे काय होतं ते माहीत असल्यामुळे मला तो शब्द पहिल्यापासून खटकला. आईला पत्र लिहिताना ‘ह्यांना वर घेतलं’ असं लिहिलं आणि खोडून ‘बढती मिळाली’ असं केलं.

परराष्ट्र धोरण म्हणजे मला वाटायचं, मोठं टेबल असेल, त्यावर नकाशा पसरलेला असेल, आणि पांढऱ्या केसांची माणसं विचार करून काहीतरी आखत असतील. हे तेव्हा हसायचे. तेव्हा हसायचे म्हणून सांगते. म्हणायचे, अगं, खात्याचं मत एक, सैन्याचं दुसरं, पैसेवाल्यांचं तिसरं. तिन्ही मतं वर येऊन पडतात. वरच्या माणसाला दिवसात मोकळा वेळ किती, तर जिन्यापासून गाडीपर्यंत चालत जाण्याएवढा. तेवढ्यात शेजारून कोण चालतोय आणि तो आधी काय बोलतो, यावर एखाद्या देशाशी आपण कसं वागणार ते ठरतं. मग ठरलेलं खाली जातं आणि जाताना त्याला कारणं चिकटतात. मी म्हटलं, म्हणजे वरात आधी आणि मुहूर्त मागून. ते म्हणाले, अगदी बरोबर.

आणि शेजारून चालणारा माणूस एकच होता. ह्यांचे मोठे साहेब. मोठ्या खुर्चीचे कान तेच आणि तोंडही तेच. बोलायचे अर्धंच. उरलेलं समोरच्यानं समजून घ्यायचं आणि ‘जी सर’ म्हणायचं. त्या ऑफिसात चूक खपून जायची, उशीर खपून जायचा, पण परत विचारलेलं खपत नसे. परत विचारलं म्हणजे ह्याला कळत नाही, आणि ज्याला कळत नाही तो वर कशाला हवा? ह्यांना चटकन कळायचं, म्हणून तर घेतलं होतं. ह्यांना त्याचा अभिमानही होता, कशाला खोटं बोला.

ते दिवस ओढाताणीचे होते. बाहेरून माल आणायला देशाकडे डॉलर उरले नव्हते, सगळे नियम बदलायचं घाटत होतं, आणि वर प्रत्येकाचं डोकं त्यातच अडकलेलं. त्यात एका लांबच्या देशात आपसांत लढाई पेटली. त्या देशाचं नाव ह्यांनी नंतर घरात कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेत नाही. तिथल्या मोठ्या बंदरातून आपल्या लोकांना घ्यायला एक जहाज गेलं होतं. ते काम झालं. पण किनाऱ्यानं पुढे एक छोटं बंदर होतं, तिथं आपली काही कुटुंबं एका शाळेच्या इमारतीत येऊन थांबली होती. बहुतेक शिक्षकच, तिकडच्या शाळांतून शिकवणारे. जहाजानं तिथंही जायचं का? खात्याला निर्णय घ्यायचा नव्हता. त्यांनी वर विचारलं.

रविवारची सकाळ होती. वर रविवारही नसे, पण ह्यांना ताप होता म्हणून ते घरी. मी थालीपीठं लावत होते. सरकारी फोन वाजला आणि मला ह्यांची बाजू तेवढी ऐकू आली. ‘जी सर. नहीं सर, छोटा पोर्ट है. जी, फॅमिलीज़ हैं. जी सर.’ फोन ठेवून हे क्षणभर तिथंच उभे राहिले. मी विचारलं, काय म्हणाले साहेब?

‘‘बघू’ म्हणाले,’ हे म्हणाले. ‘म्हणजे नाही.’

मग ह्यांनी खात्याला फोन लावला आणि ‘अभी रुकिए’ असं सांगितलं. पलीकडच्यानंही परत विचारलं नाही. त्याला तेच ऐकायचं होतं बहुतेक. जहाज परत फिरलं. मी म्हटलं, गार होतंय, या. हे आले आणि तापाच्या तोंडानं अर्धं थालीपीठ खाल्लं.

थोड्याच दिवसांत ते बंदराचं गाव लढणाऱ्यांच्या हाती पडलं. शाळेतले काही जण चालत निघून कुठून कुठून बाहेर पडले. काही नाही पडले. आपल्याकडे पेपरात आतल्या पानावर चार ओळी आल्या. सरकारी कागदावर आलं की परिस्थिती अनुकूल नव्हती, जहाजाला धोका होता, अमुक होतं, तमुक होतं. सगळी कारणं खरी होती, आणि सगळी त्या रविवारनंतर लिहिलेली होती. कोणी कोणाला जाब विचारला नाही. साहेबांनीसुद्धा नाही.

तेव्हापासून हे दुपारी डोळा लागला की झोपेत बोलायला लागले. एकच शब्द. ‘रुकिए.’ आधी मला वाटलं, ऑफिसचं काहीतरी असेल. मग एकदा उठवून विचारलं तर म्हणाले, मी काही बोललो नाही. त्याच सुमारास घरातून ‘बघू’ गेला. मुलानं कशासाठी तरी हट्ट धरला होता, मी सवयीनं ‘बघू हं’ म्हणाले, आणि हे बाहेरच्या खोलीतून उठून आत आले. आवाज चढवला नाही. ‘हो म्हण किंवा नाही म्हण. हे नको,’ एवढंच म्हणाले. चेहरा असा होता की मी पोराला तिथल्या तिथं हो म्हणून टाकलं.

नोकरीची काही वर्षं बाकी असताना ह्यांनी राजीनामा दिला आणि आम्ही पुण्याला आलो. वारज्याला फ्लॅट घेतला. तेव्हा वारज्याला म्हटलं की माहेरचे लोक पासपोर्ट लागतो का विचारायचे. समोर नुसती शेतं, संध्याकाळी कोल्हेकुई. भाऊ म्हणाला, दिल्लीची खुर्ची सोडून इथं काय ज्वारी राखणार? मला मात्र बरं वाटलं होतं. म्हटलं, इतक्या लांब ते सगळं येणार नाही.

आलं. आधी समोरच्या शेतात शाळा बांधली गेली. तीन मजली, पिवळा रंग. पोरांची ओरड सुरू असली की ह्यांचं ठीक असायचं, गॅलरीत बसून पेपर वाचायचे. पण मे महिन्याची सुट्टी लागली आणि इमारत रिकामी झाली की हे गॅलरीचं दार लावून घेत. उकाड्यानं जीव जाईल, मी उघडायची, हे लावायचे. म्हणाले, खिडकीत कोणीतरी उभं आहे. मी बघितलं. कोणी नव्हतं. पुढच्या वर्षी मला सुद्धा त्या खिडक्यांकडे बघवेना, आणि आम्ही दोघांनी मिळून जाड पडदा आणला.

मग विश्रांतवाडीचे गृहस्थ आले.

आधी फोन आला. पोस्टातून निवृत्त झालेले, आवाज मऊ. त्यांची मुलगी आणि जावई त्या बंदरावरच्या शाळेत होते. जावई चालत बाहेर पडला, मुलगी नाही. दिल्लीत त्या ऑफिसात तेव्हा पुण्याचं कोणी होतं, हे त्यांना कोणाकडून तरी कळलं होतं. पुणं म्हणजे शेवटी गाव. त्यांनी विचारलं, ‘येऊ का भेटायला?’ आता इथं दुसरा कोणी असता तर ‘बघू’ म्हणाला असता आणि गृहस्थ काय ते समजले असते. ह्यांना ती सोय उरली नव्हती. ‘नाही’ म्हणायला जीभ रेटेना. ‘या’ म्हणाले.

ते आले ते दोन बस बदलून, हातात शेवग्याच्या शेंगांची जुडी. त्यांच्या दारात झाड होतं. माझ्या हातात शेंगा दिल्या, ‘वहिनी, आमटीत छान लागतात,’ म्हणाले. चहा झाला. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘साहेब, एवढंच विचारायचं होतं. कोणी ठरवलं?’

हे म्हणाले, ‘असं ठरलं.’

‘कोणी?’ असं त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मान हलवली. ‘तिनं निरोप पाठवला होता,’ ते म्हणाले. ‘जहाज येणार आहे म्हणतात, आम्ही बॅगा भरून ठेवल्यात.’ थोडा वेळ बसले, बसला उशीर नको म्हणून निघाले. मी दारापर्यंत गेले आणि तोंडातून आपलं आपण निघून गेलं, ‘येत जा.’

ते येत राहिले. दोन-तीन महिन्यांतून एकदा, आधी फोन करून, शेंगा नसल्या तर कढीपत्ता घेऊन. तो प्रश्न पुन्हा काढला नाही. पावसाबद्दल बोलायचे, बसच्या नव्या मार्गाबद्दल बोलायचे, हे आणि ते पेपरातलं एखादं परदेशाचं पान घेऊन चर्चा करायचे. पण ते बसलेले असेपर्यंत प्रश्नही खोलीत बसलेला असायचा. ते गेल्यावर हे त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. मला दोघांचा संताप यायचा. एकदा मी म्हटलं, राहायला विश्रांतवाडीत, पण ना त्यांना विश्रांती ना आपल्याला. आणि लगेच जीभ चावली.

‘एकदाचं सांगून टाका ना,’ मी ह्यांना म्हणायची.

‘काय सांगू? साहेबांनी ‘बघू’ म्हटलं, मी खाली कळवलं. ठरवलं कोणी? साहेबांनी? त्यांनी नाही असं कुठे म्हटलं? मोठ्या खुर्चीनं? तिथपर्यंत गोष्ट गेली होती का, मला माहीत नाही. खात्यानं? त्यांनी तर वर विचारलं होतं. कोणाचं नाव घेऊ?’

‘मग हेच सांगा.’

‘हे सांगण्यासारखं आहे?’ हे म्हणायचे. विषय तिथंच संपायचा.

बघता बघता वारज्याची शेतं गेली. शाळेच्या मागे इमारती उठल्या, हमरस्ता रुंद झाला, सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या पोरांना हिंजवडीला न्यायला लागल्या. त्यातल्या एकीत आमचा मुलगा. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, तोंडात ‘डेडलाइन’. काही वर्षांत कंपनीनं त्याला ऑनसाइट पाठवलं. मी सोसायटीत पेढे वाटले. ह्यांनी फक्त विचारलं, कुठला देश? नाव ऐकून नकाशा काढला. मी म्हटलं, आता काय तिथली हवा बघताय? तर म्हणाले, नाही, बंदर कुठे आहे ते बघतोय.

आणि तिथंही पेटलं. सांगून सवरून थोडंच पेटतं? विमानतळ बंद झाला. कंपनीनं पोरांना बसमध्ये घालून शेजारच्या देशाच्या हद्दीवर नेलं. मोबाइल लागायचा, तुटायचा. ‘आई, टेन्शन घेऊ नको, कंपनी मॅनेज करतेय,’ असं तो पहिल्यांदा म्हणाला. दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा आवाज बारीक झाला होता. ‘बाबांना दे. बाबा, बॉर्डरवर अडवलंय. आमच्याकडे व्हिसा नाहीत. इथले म्हणतात, तुमच्या दिल्लीतून वरून कोणी बोललं तरच सोडू. मागून गोळीबार ऐकू येतोय. तुमची तिकडे ओळख होती ना?’

नोकरी सोडल्यापासून ह्यांनी त्या ऑफिसाला एकदाही फोन केला नव्हता. मोठे साहेब केव्हाच वारले होते. ह्यांच्या हाताखाली तेव्हा एक मुलगा नवीन लागला होता, तो आता साहेबांच्याच खोलीत बसत होता. याला विचार, त्याला विचार करून नंबर मिळवला. मी फोनचा स्पीकर लावला. हे म्हणाले, लावू नकोस. मी म्हटलं, हात लावून बघा. मला या वेळी दोन्ही बाजू ऐकायच्या होत्या.

ह्यांनी सगळं नीट सांगितलं. कुठली हद्द, किती पोरं, कोण अडवतंय. पलीकडचा ‘जी सर, जी सर’ करत ऐकत होता. शेवटी म्हणाला, ‘देख लेते हैं, सर.’ आणि फोन ठेवला.

हे रिसीव्हर हातात धरून बसले. मी बघत राहिले.

‘‘बघू’ म्हणाला,’ हे म्हणाले.

मग, माझ्याकडे न बघता, ‘हेच शब्द होते. त्या रविवारी. देख लेते हैं. साहेब हेच म्हणाले होते.’

मला त्या रविवारशी काही कर्तव्य नव्हतं. माझं पोर तिथं रस्त्यावर उभं होतं. मी म्हटलं, परत लावा फोन. हे म्हणाले, तिथं परत विचारत नाहीत. मी म्हटलं, खड्ड्यात गेली तुमची पद्धत, आणि रिसीव्हर हिसकावून रीडायल दाबलं. एंगेज. पुन्हा दाबलं. एंगेज. मी दाबत राहिले आणि तोंडानं ह्यांना नाही नाही ते बोलत राहिले. आयुष्यभर समजूतदारपणा केलात, त्याची फळं भोगा म्हणाले. आणखीही बोलले. हे ऐकत होते आणि पडद्याकडे बघत होते. समोरची शाळा सुटली होती, पोरं गेलेली होती.

फोन मी खाली ठेवला आणि तो वाजला. मुलगा होता. ‘आई, सोडलं. अचानक कोणाचा तरी फोन आला यांना, आणि दार उघडलं. सगळे आलो पलीकडे. चहा देतायत.’ मी तिथंच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. शेजारीण धावत आली, तिला वाटलं, गेलं कोणीतरी.

ह्यांनी दिल्लीला आभाराचा फोन केला. स्पीकर अजून चालूच होता. तो हसत म्हणाला, ‘सर, मैंने तो उसी वक़्त आपसे कह दिया था, देख लेते हैं. लाइन पर ही था उन लोगों के साथ. आप परेशान क्यों हुए?’

म्हणजे ते ‘हो’ होतं. म्हणजे ‘मी करतो, तुम्ही चिंता सोडा’. हे इतकी वर्षं दिल्लीत राहिलेले, हिंदीत स्वप्नं पडायची, त्यांना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणू? ‘देख लेते हैं’ दोन्हीकडे वळतं. कोण म्हणतो आणि कसं म्हणतो, त्यावर. विचारलं की कळतं. पण ज्या घरात माणूस वाढतो त्या घराचे कान जात नाहीत. साहेब हिंदीत बोलले आणि ह्यांनी नारायण पेठेत ऐकलं.

मुलगा सुखरूप परतला. सोसायटीत पुन्हा पेढे. ह्यांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला. त्या आठवड्यात हळूहळू मला बाकीचं सांगितलं. जहाज परत फिरल्यावर एकदा साहेब व्हरांड्यात समोर आले होते. चालता चालता म्हणाले, ‘वो जहाज़ का हो गया न?’ ह्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात दुसरा कोणीतरी डॉलरचं काही घेऊन मध्ये आला आणि साहेब पुढे गेले. ‘ते ‘हो गया’ कशाला होतं, याचा मी आजवर विचार करतोय,’ हे म्हणाले. ‘पाठवायचं झालं ना, की थांबवायचं झालं ना? कळायला मार्ग नाही. साहेब गेले.’

मी म्हटलं, ‘आता विश्रांतवाडीला जाऊन सांगा.’

‘सांगून त्यांना बरं वाटेल?’

‘बरं वाटावं म्हणून नाही. त्यांनी विचारलं होतं म्हणून.’

त्यांचा फोन बऱ्याच दिवसांत आला नव्हता. पाय दुखतात, बस चढवत नाही, असं मागच्या खेपेला म्हणाले होते. म्हणून आम्हीच निघालो. पहिले दोन रिक्षावाले नाही म्हणाले. तिसरा काही न बोलता बघत राहिला, तो तयार आहे असं आम्ही धरलं आणि बसलो. आळंदी रस्त्याला लागेपर्यंत मी ह्यांचा हात धरला होता.

दोन खोल्यांचं घर. दारात शेवगा, शेंगांनी लगडलेला. गृहस्थ खूप वाळले होते. आम्हाला बघून लगबगीनं उठायला गेले, ह्यांनी खांद्याला धरून बसवलं. भिंतीवर बायकोचा फोटो, शेजारी मुलीचा. मुलगी हसत होती, फळ्यापुढे उभी, बोटांना खडू लागलेला. चहा त्यांनी स्वतः केला. आम्ही नको म्हणालो तरी केला.

हे बोलायला लागले. मला वाटलं होतं, आडवळणं घेतील, ऑफिसच्या पद्धती सांगत बसतील. तसं केलं नाही. फोन आला, साहेब ‘देख लेते हैं’ म्हणाले, मी ते ‘बघू’ असं ऐकलं, आणि मी थांबवायला सांगितलं. ‘तुम्ही विचारलं होतं, कोणी ठरवलं. मी,’ हे म्हणाले. ‘कदाचित साहेबांनाही नाहीच म्हणायचं असेल. मला माहीत नाही. पण जहाज थांबलं ते माझ्या शब्दावर.’

गृहस्थ ऐकत होते. चहावर साय धरली. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे नाही असं कोणी म्हणालंच नव्हतं?’

‘नाही,’ हे म्हणाले.

‘मला वाटायचं, तेल असेल,’ ते म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मऊ. ‘नाहीतर कर्ज. तेव्हा देशाचं फार वाईट चाललं होतं, पेपरात रोज यायचं. म्हटलं, त्या देशाला दुखवणं परवडलं नसेल. मोठ्या लोकांनी नकाशापुढे बसून विचार केला असेल, इकडे एवढा देश आणि तिकडे चार घरं. त्यात आपलं एक. वाईट वाटलं असेल त्यांनाही, पण करावं लागलं असेल. हिलाही मी तेच समजावलं.’ त्यांनी बायकोच्या फोटोकडे बघितलं. ‘ती तेच धरून गेली. मी पण त्याच्यावरच झोपत होतो, साहेब, इतकी वर्षं.’

हे हात जोडून बसले होते. पडद्यासारखं ओढून घेता येईल असं त्या खोलीत काही नव्हतं.

‘तुम्ही त्यांना परत विचारलं नाहीत?’

‘तिथं परत विचारत नाहीत.’

गृहस्थांनी मान हलवली. ‘मी तरी कुठे विचारलं,’ ते म्हणाले. ‘तुम्हालाही एकदाच विचारलं.’

आम्ही उठलो. ते भिंतीला धरून दारापर्यंत आले. इतक्या वर्षांत ते कधी रिकाम्या हातानं भेटले नव्हते, म्हणून मी उगाच झाडाकडे बघितलं. शेंगा डोक्याला लागत होत्या. त्यांनी एकही तोडली नाही. ह्यांनी चपला घातल्या, पण पाय उचलेना. हे मागे वळले आणि म्हणाले, ‘या हं आमच्याकडे. मी रिक्षा पाठवतो. याल ना?’

‘बघू,’ ते म्हणाले.

ते पुण्याचेच होते. हे ‘बरं’ म्हणाले आणि पायरी उतरले.